मिशा उतरवलेले पाहुणे

हिंगोली जिल्ह्यातील तमाम जनतेस, विशेषतः बोकड विकत घेणाऱ्यांस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की आमच्या मावसाजींइतका लपण्याची हौस असलेला आणि इतका सहज सापडणारा माणूस या भूमीवर दुसरा झालेला नाही. सहा फूट उंची, मेंढ्याच्या शिंगांसारख्या वळलेल्या मिशा आणि आवाज असा, की जवळा बाजारच्या आठवडी बाजारात ते बोकडाचा भाव सांगायचे आणि रस्त्यावरची जीप थांबायची. समोरच्याचे दात पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, मग ती शेळी असो की सोयरा. माझ्या लग्नात नवरीच्या मामांना न्याहाळून त्यांनी भर पंगतीत निर्वाळा दिला, "मामा म्हातारा हाय, पण खातो बराबर."

लपण्याची विद्या धंद्यातलीच. विकलेली शेळी घरी जाऊन खोकू लागली, की गिऱ्हाईक पुढच्या बाजाराला भांडायला परत येतं. अशा वेळी मावसाजी लिंबाखालची आपली जागा सोडून कांदेवाल्यांच्या ओळीत बसायचे, दुसऱ्याच रंगाचा पटका बांधून. गिऱ्हाईक सरळ येऊन त्यांच्याच पुढ्यात उभं राहायचं, ही गोष्ट वेगळी.

हिंगोली परभणीपासून वेगळी होऊन जिल्हा झाली, त्याच साली मावसाजींच्या फुप्फुसाचा एक तुकडा त्यांच्यापासून वेगळा झाला. त्यांच्याच एका बोकडाने त्यांना बरगडीत ढुशी मारली. एक्स-रे काढला तर बरगडी शाबूत, पण फुप्फुसात लहानशी गाठ. कॅन्सर. औरंगाबादच्या डॉक्टरांनी तो भाग कापून काढला आणि समजावलं, "लवकर सापडला, पूर्ण काढलाय. पण परत येऊ शकतो. दर सहा महिन्यांनी दाखवायला या. पाच वर्षं आला नाही, की आपण बरेचसे निर्धास्त."

मावसाजींनी यातलं एकच ऐकलं: परत येऊ शकतो. म्हणजे गिऱ्हाईकच की!

घरी येताच त्यांनी मिशा उतरवल्या. मावशी चुलीपुढून उठून बघतच राहिली. अंगणातली खाट रोज नव्या कोपऱ्यात जाऊ लागली. बिडी सुटली, कारण धुरावरून ठावठिकाणा लागतो. डॉक्टरांनीही बिडी सोडायलाच सांगितलं होतं, पण त्यांचं कारण मावसाजींना फार कच्चं वाटलं. नावाने हाक मारायला घरात बंदी झाली. सगळ्यांनी 'पाव्हणं' म्हणायचं. मावशीसुद्धा उंबऱ्यातून हाक मारायची, "पाव्हणं, जेवायला चला." ढुशी मारणारा बोकड मात्र कधीच विकायचा नाही, असं फर्मान निघालं. तो घरचा झाला आणि मावसाजी पाहुणे.

तपासणीला सोबत मी असे. तिसऱ्या वर्षी त्यांना खोकला लागला. दहा दिवस हटेना. मावसाजी गोठ्यात, त्या बोकडाच्या आड झोपू लागले. औरंगाबादच्या एसटीत त्यांनी माझं मनगट धरलं आणि जीप थांबवणाऱ्या त्या माणसाने कुजबुजत विचारलं, "त्यानं वळखलं असंल का रे मला?"

मी उगीच खिडकीची काच ओढून घेतली.

खोकला साधाच निघाला. परतीच्या वाटेवर मावसाजींनी कंडक्टरच्या दातांवर मत दिलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

पाच वर्षं भरली त्या तपासणीला मावशीही हट्टाने आली. दवाखान्यातल्या माणसाने मावसाजींचं नाव तीनदा पुकारलं. ते दुसऱ्याच कुणाचं असावं तसे मावसाजी दाराकडे बघत बसले. शेवटी मी दंडाला धरून उठवलं. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला, आणि बराच वेळ खाली घेतलाच नाही. मावसाजींनी पटका भुवयांपर्यंत ओढला.

"काही नाही. कुठंच काही नाही," डॉक्टर म्हणाले. "आता वर्षातून एकदा आलात तरी चालेल."

मावसाजी हसायला गेले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते अडवायला मिशाही नव्हत्या. सरळ हनुवटीपर्यंत पोचलं. तेवढ्यात परक्यासमोर कधी तोंड न उघडणारी माझी मावशी, सगळा दवाखाना वळून बघेल अशा आवाजात कडाडली,

"मंग आता मिशा ठिवा अन् घरी चला! पाच वरसं पाव्हण्याचंच करून राहिले मी!"