बांधलेला डावा हात

मोगरी हातातून सुटली ती थेट नाखव्याच्या पायावर. नाखवा म्हणजे होडीचा मालक. एका पायावर नाचत तो ओरडला, "मेस्त्री, होडी नीट करतोस का मला लंगडा करतोस?"

माझं काम होड्यांचं, अर्नाळ्याला. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठासायचा. डाव्या हातात बोथट पटाशी, उजव्यात लाकडी मोगरी. आणीबाणी उठली त्या साली मला लकवा मारला. उजवी बाजू गेली. पाय दोन महिन्यांत आला, हात येईना. डॉक्टरने रबरी बॉल दाबायची एक्सरसाइज दिली. बॉल दाबून फट भरत नाही.

नाखवा म्हणाला, "नारळी पुनवेला होडी पान्यात पायजे. आठ दिवस आधी आत पानी भरून बघतो. गळली तर दुसरा मेस्त्री आनतो. तू मग घरी बस."

घरी बसायचं मला जमणार नव्हतं. मी डाव्याने ठोकायला लागलो. उजव्याने पटाशी कशीबशी टेकवायची. समुद्राकडची बाजू तशी उरकली.

बायको भाकर घेऊन आली, तिने बघितलं. जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि माझा डावा हात कमरेला बांधून टाकला.

"सोड."

"नाय सोडत. हा राबतोय म्हनून तो झोपलाय."

मोगरीच्या दांड्याला तिने फडकं गुंडाळलं, उजव्या मुठीत बसेल इतकं जाड. पटाशी स्वतः धरली.

"नेम चुकला तर?"

"तर मी बोंबलेन. तुमी ठोका."

चुकला. अंगठ्याचं नख काळं पडलं. बोंबलली, शिव्या दिल्या, दुसऱ्या हाताने पटाशी धरली. पहिले काही दिवस हातभर फटही भरून होईना. पण माडांकडची बाजू झाली.

नाखव्याने पाणी भरलं. समुद्राकडे तीन जागी पाझरलं. माडांकडे थेंब नाही.

"ही गळकी बाजू कोनी भरली रे?"

"चांगल्या हाताने."

तो दोन्हीकडे फिरून आला, माझ्या कमरेला बांधलेल्या हाताकडे बघितलं. म्हणाला, "आठ दिवस हायेत. चांगल्याला बांधूनच ठेव."

तीनही जागा उकरून उजव्याने भरल्या. पुनवेला होडी पाण्यात गेली. पुढे बरीच वर्षं मी त्याच हाताने ठोकलं.

गेल्या साली बायको गेली. हात अजून चालतो. लकवा झालेल्यांच्या घरची माणसं विचारायला येतात, काय केलंत म्हणून. मी सांगतो, बांधायला फडकं कुठलंही चालतं. पटाशी कोण धरणार ते आधी बघा.