पाचवं भोक

तात्यांनी मारलेली झाळ सुटत नाही, असं गावात सगळे म्हणत. पस्तीस वर्षं गॅसवर वेल्डिंग केलेला माणूस. त्यांचाही स्वतःवर एवढा विश्वास असायचा, की जोड तपासून बघायचं भानही राहत नसे.

एकदा दवाखान्यातल्या सिस्टर आपली वीस वर्षांची डिझेल गाडी घेऊन आल्या. इंजिन तापत होतं, खाली हिरवट पाणी ठिबकत होतं. इंजिनाच्या मागून जाणारा, ते थंड ठेवणाऱ्या कूलंटचा लोखंडी पाइप गंजला होता. टाचणीएवढं भोक! तात्यांनी पाइप काढला, घासला, पितळेची झाळ मारली. किरकोळ काम.

तिसऱ्या दिवशी सिस्टर पुन्हा दारात. झाळ जागेवर होती. दोन बोटं पलीकडे नवं भोक पडलं होतं. तेही बुजवलं, तर आणखी एक. चौथ्या वेळी तात्यांचं डोकंच चालेना. हात कापतोय का? सळई वाईट लागली? त्यांनी चष्मा तीनदा पुसला, ज्योत बारीक केली, मग मोठी केली. घरी बायको म्हणाली, "अहो, डोळे दाखवून या बरं." ते आणखीच गांगरले. पत्र्याच्या डब्यावर झाळ मारून पाहिली, तर ती पक्की बसली! मग पाइपावरच काय होतं?

पाचव्या भोकाला ते शरमेनं म्हणाले, "सिस्टर, गाडी दुसरीकडे न्या. माझा हात गेला."

सिस्टर म्हणाल्या, "तात्या, म्हाताऱ्या पेशंटची शीर ठिसूळ झाली की सुई नीट टोचली तरी बाजूला रक्त साकळतं. दोष सुईचा नसतो."

तात्यांनी पाइपावर स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबलं. ते अंड्याच्या टरफलातून जावं तसं आरपार गेलं. पाइप उभा कापला, तर आत नुसता तांबडा भुगा.

"कूलंटच्या जागी कधी नळाचं पाणी घालायचात?"

"आधीचे मालक घालायचे. वर्षानुवर्षं."

तात्यांनी नवा पाइप आणला, वाकवताना चेपू नये म्हणून आत वाळू ठासली, तापवून जुन्याच्या मापानं वाकवला. गाडी अर्धा तास चालू ठेवली. तापमानाचा काटा मधोमध स्थिर राहिला.

सिस्टर गेल्यावर ते कापलेला पाइप हातात घेऊन बसले. हसावं की रडावं, कळेना. पुन्हा पुन्हा स्वतःवर संशय घेतला, पण लोखंडावर एकदाही कसा आला नाही?