पाणंदीतले भाषण

आम्ही आष्टा सोडले त्या सकाळी आई शेवटपर्यंत दिसत होती. मे महिना संपत आला होता. मळ्यातल्या घरापासून डांबरी रस्त्याकडे जाणारी पाणंद दोनदा वळते. पण दोन्ही बाजूंचा ऊस तेव्हा गुडघ्याच्या वर आला नव्हता, त्यामुळे दोन्ही वळणांवरून अंगणातली आई दिसली. तिने हात हलवला नाही. कमरेवर हात ठेवून ती उभी होती. निघताना तिने मला एकच गोष्ट सांगितली होती, "पोचलीस की बोल." मग गोठ्याकडे वळून, आमच्याशी काही संबंध नसल्यासारखी ती म्हशींना म्हणाली होती, "चला, आता तुमचं आनि माजं."

वडील लष्करातून निवृत्त होऊन आले आणि काही वर्षांनी गेले. भाऊ अजून लष्करात आहे, उत्तरेकडे. वडिलांनंतर मी, माझे पती प्रकाश आणि दोन मुले त्या घरात आईजवळ राहत होतो. मी वर्तमानपत्राच्या सांगली कार्यालयात बातम्या संपादित करत असे. ते काम पुण्याला हलले, तेव्हा आम्हीही हललो. आईला बरोबर चल म्हटले होते. तिने दोन म्हशींकडे बोट दाखवले आणि विषय संपला. एक गोष्ट मात्र त्या वेळी कुणाच्याच बोलण्यात आली नाही. संध्याकाळचे दूध डेअरीला घालून यायचे काम प्रकाश मोटारसायकलवरून करायचे. आमच्यानंतर ते आई चालत करणार होती.

पुण्यात गणपती उठले की घराचे कॅलेंडर शाळेच्या ताब्यात जाते. मोठी सई सहावीत आणि धाकटा ओंकार तिसरीत. वक्तृत्व स्पर्धा, भोंडला, बँडचा सराव, क्रीडादिनाचे पांढरे बूट, अ‍ॅन्युअल डेची ऑडिशन, एका शनिवारी किल्ला, दुसऱ्या शनिवारी विज्ञान केंद्र. पालकांच्या ग्रुपवर दिवसभर सूचना येत. आष्ट्यात दसऱ्याचे सोने वाटून झाले की मुले आपोआप किल्ल्यासाठी माती आणायला पळायची. त्याचे रिमाइंडर कुणी टाकत नव्हते. इथे आम्ही संध्याकाळी घरी नसायचोच. गाडीत असायचो, नाहीतर कुठल्यातरी क्लासच्या फाटकाबाहेर.

आईचा फोन नेमका तेव्हा यायचा, दिवस मावळताना. मी स्पीकर लावायची.

"सई हाय का तितं? दे तिला."

"आज्जी, मी भाषण पाठ करतेय."

"मग म्हण की. मला ऐकू दे."

सई सुरू करायची, "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो..." विषय होता पाणी वाचवा.

"जोरात म्हण गं. घसा काय विकत आनलाय व्हय?"

भाषण संपले की आई पुन्हा म्हणायला लावायची. सई कंटाळली की ओंकारला फर्मान सुटायचे, "तू ढोल वाजवतोस न्हवं? वाजव." ओंकार पुढच्या सीटची पाठ बडवायचा. पलीकडून टण टण असा आवाज येत राही. रिकाम्या कॅनची कडी आपटत असेल, असे मला वाटे. मध्येच आई तुटकपणे म्हणायची, "पोचले. ठेव." आणि फोन बंद.

मी त्यावरून निष्कर्ष काढला. ती ओरडून बोलते, आम्हालाही ओरडायला लावते, तेच ते पुन्हा ऐकते. म्हणजे तिला कमी ऐकू येऊ लागले आहे. दिवाळीच्या सुट्टीत दाखवावे म्हणून मी सांगलीतल्या कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

कोजागरीच्या सुमारास ती सहज म्हणाली, "वाघ्या दिसंना झालाय." वाघ्या आमचा कुत्रा. कुठे गेला, असे मी विचारले. "गेला आसंल कुनाच्या तरी मागं," ती म्हणाली, आणि लगेच, "सई, म्हण गं तुझं."

त्याच आठवड्यांत ऑफिसात माझ्या टेबलावर ऊसपट्ट्यातल्या बातम्या येत होत्या. दर वर्षी याच दिवसांत येतात. बिबट्याचे दर्शन, पाणवठ्याजवळ ठसे, शेळी फस्त, ग्रामस्थांमध्ये भीतीचे वातावरण. 'भीतीचे वातावरण' मी काढून टाकत असे. त्याने काही कळत नाही. बातमीखाली सूचनांची एक ठरलेली चौकट जाते. शिवारात एकट्याने फिरू नये. अंधार पडण्याआधी घरी यावे. जावेच लागले तर मोठ्याने बोलत जावे, मोबाइलवर गाणी लावावीत. ती चौकट मी इतक्यांदा लावली होती की न वाचता लावत असे.

दिवाळीला आम्ही पाणंदीत शिरलो, तेव्हा ऊस गाडीच्या टपाच्या वर गेला होता. दोन्हीकडची पाती काचांना घासत होती. पहिल्या वळणावरून घर दिसले नाही. दुसऱ्या वळणावरूनही नाही. अंगणात पोचल्यावरच आई दिसली, आणि माझी पहिली नजर गेली ती गोठ्याला नव्याने मारलेल्या लोखंडी जाळीकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घेऊन मी डेअरीत गेले. तिथे दूध मोजून घेणारे हमीदचाचा मला लहानपणापासून ओळखतात.

"आवं ताई, ते भाषण करनारी पोरगी तुमचीच न्हवं का?"

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

"रोज ऐकतोय की! तुमच्या आई हितनंच स्पीकरवर फोन लावत्यात. 'माझ्या बालमित्रांनो' आलं की कॅन उचलून चालल्याच. आख्ख्या पाणंदीला पाठ झालंय बगा." ते हसले. "त्यालाबी पाठ झालं आसंल आता."

"कुणाला?"

त्यांचे हसू थांबले. मापातले दूध त्यांनी सावकाश ओतले. "आईंनी सांगितलं न्हाई व्हय?"

"कुणाला, चाचा?"

"जनावराला," ते म्हणाले. आमच्याकडे त्याचे नाव घेत नाहीत. "पिल्लं हायत म्हनं संगं. तुमचं कुत्रं त्यानंच न्हेलं. वन खात्याची मानसं येऊन गेली, पिंजरा लावलाय. पर ऊस एवढा मोठा, त्यात त्यो कुठं आनि पिंजरा कुठं."

घरी आले तेव्हा आई चकल्या तळत होती.

"डॉक्टरांची वेळ रद्द करते," मी म्हटले.

"कर. माझ्या कानाला काय धाड भरलीया? तू पुण्यात पान उलटलंस तरी हितं ऐकू येतंय."

"आम्हाला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं आसतं तर पोरगी भाषन करायच्या ऐवजी रडली आसती." तिने झारा निथळला. "रडन्याला ते भीत न्हाई."

पुण्याला चल, असे मी त्या चार दिवसांत अनेकदा म्हटले. "म्हसरं कुनाच्या गळ्यात बांधू?" हे एक उत्तर. दुसरे अधिक कठीण होते, "तुमच्या तितं मानसं गाड्यांखाली जात्यात. तवा तुमी पुनं सोडलं का?" प्रकाशनी खूप खटपट केली. हमीदचाचांचा मुलगा सकाळचे दूध न्यायला तयार झाला. संध्याकाळी त्या पाणंदीत यायला कुणी तयार झाले नाही. मुलांना काही सांगायचे नाही, असे ठरवून आम्ही निघालो. काचा वर होत्या. या वेळी मागे वळून पाहण्यासारखे काही दिसतच नव्हते.

सईची स्पर्धा दिवाळीआधीच झाली होती. तिचा तिसरा नंबर आला. तरीही रोज संध्याकाळी आज्जीला तेच भाषण लागायचे. "तिला दुसरं काही नको का गं?" सई वैतागून विचारायची. मी म्हणायची, "म्हण तू. जोरात म्हण."

दिवाळीनंतर सईच्या वर्गाची सहल वाईला गेली. मदतनीस पालक म्हणून मीही बसमध्ये होते. कृष्णेचा घाट, देवळे, डबे, घाटाच्या पायऱ्यांवरचा ग्रुप फोटो. परतायला उशीर झाला. बस सुरूरला हमरस्त्याला लागली आणि फोन वाजला. बसमध्ये भेंड्यांचा गोंधळ चालला होता. मी स्पीकर लावून फोन सईच्या हातात दिला. तिने सवयीने सुरुवात केली. टण टण ऐकू येत होते.

मग ते थांबले.

"सई," आई म्हणाली. ती हळू बोलत होती; या मोसमात मी तिचा हळू आवाज ऐकलाच नव्हता. "थांबू नगं."

मी फोन घेतला. "आई?"

"म्होरं हाय. वळनावर बसलंय. उठंना झालंय."

"मागं ये. डेअरीकडं जा."

"पाठ दावू नये त्याला."

मी स्पीकर मोठा केला आणि उभी राहिले. शिक्षकांना समजावत बसायला वेळ नव्हता. मुलांना म्हटले, "सईची आज्जी ऐकतेय. जेवढं जोरात ओरडता येईल तेवढं ओरडा." मुलांना अशी परवानगी आयुष्यात मिळालेली नसते. "आज्जी! आज्जी!" सुरू झाले. कुणी डबे वाजवले, कुणी खिडक्यांचे गज. सई सीटवर चढून पहिल्या वाक्यापासून भाषण करत होती. फोन मी त्या सगळ्याच्या मध्ये धरला होता, आणि समोरच्या काचेतून मला खंबाटकीचा बोगदा जवळ येताना दिसत होता.

बोगद्यात रेंज गेली. मुलांना ते माहीत नव्हते. बोगदा आला की मुले तशीही ओरडतात. ती आणखी जोरात ओरडू लागली. पलीकडे ते कुणालाही ऐकू जात नव्हते.

बाहेर आल्यावर मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. सई सीटवरून खाली उतरली होती आणि माझ्याकडे पाहत होती. "आज्जी का उचलत नाही?" तिने विचारले. मी पुन्हा नंबर लावला. त्यावरून तिला बहुतेक सगळे कळले.

शिरवळच्या अलीकडे आईचा फोन आला.

"पोचले."

तीच पुढे म्हणाली, "कॅन वाटंतच पडलंय. सकाळी आनते."

"फोन का नाही उचललास?"

"वाजू दिला. तेवढाच आवाज."

"आणि ते?"

"उठलं. उसात गेलं. घाईनं न्हाई, सावकाश. मालकावानी." "मदीच तुमचा आवाज बंद झाला. मग मीच म्हटलं."

"काय म्हटलंस?"

"भाषन. अध्यक्ष महाशय. मलाबी पाठ झालंय की." आणि मग, "बसमदल्या पोरांना सांग, लय झ्याक वरडली."

हे लिहिताना आमच्याकडे ऊसतोड सुरू झाली आहे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, की ऊस गेला की धोका गेला. तिथल्यांना ठाऊक आहे, की रान मोकळे होत जाते तसे जनावर उरलेल्या उसात सरकते. तोडणीच्या पाळीत आमच्या घराला लागून असलेल्या पट्ट्याचा नंबर सगळ्यात शेवटी आहे.

गाव सोडून आलेल्यांना वाटते, आपण पोचलो. मलाही वाटले होते. पुण्यातल्या दारावर आमच्या नावाची पाटी आहे, मुलांना शाळा आहे, पुढच्या महिन्यातले चारही शनिवार आत्ताच भरले आहेत. पण घर कुठे, असे कुणी विचारले तर आता मला डेअरीपासून अंगणापर्यंतची वाट आठवते, आणि ती संपल्यावर येणारा एक शब्द. तो येईपर्यंत आमच्याकडे ताटे वाढली जात नाहीत. "पोचलीस की बोल," हे मागे राहणाऱ्याने जाणाऱ्याला सांगायचे असते. आमच्या घरात ते आता सई आज्जीला सांगते.

काल संध्याकाळी भाषण अर्ध्यावर आले असताना आईने तिला थांबवले.

"सई, दुसरं कुठलं पाठ हाय का गं तुला?"

"का, आज्जी?"

"नवं कायतरी कर, बाळा," आई म्हणाली. टण टण चालूच होते. "ह्याची त्याला सवय झालीया."