दशांशबाईंचा अर्धा ग्रॅम

"दशांशबाईंकडे वाटीभर साखर मागायला जाऊ नका," शेजारणी म्हणत, "काट्यावर तोलून देतील आणि परत करताना दाणा कमी भरला तर दारातच उभं ठेवतील." यातला दुसरा भाग पदरचा होता. पहिला खरा होता.

बाई रंगाच्या कारखान्यात संगणकाचे काम पाहत. कोबॉल नावाच्या जुन्या भाषेत त्यांनी उमेदीच्या काळात लिहिलेला प्रोग्राम अजून चालत होता. कोणत्या छटेत कोणता रंग किती, हे तो ठरवी आणि वजन तंतोतंत जुळले तरच टाकीची झडप उघडत असे. त्या भाषेत दशांश चिन्हापुढचा प्रत्येक अंक आपापल्या खणात बसतो, याचे बाईंना फार समाधान वाटे. ‘अंदाजे’ हा शब्द त्यांच्या घरात फक्त यजमान वापरत. ते शिंपी होते.

मग कारखान्यात नवा काटा आला. पूर्वी वजने हाताने टाइप होत. आता काटा ती थेट पाठवू लागला, आणि तीही फ्लोटिंग आकड्यांत, म्हणजे ज्यांचे दशांश चिन्ह एका जागी स्थिर नसते अशा. पहिल्याच दिवशी पिवळा रंग शंभर-शंभर ग्रॅम करून दहा वेळा टाकीत पडला आणि पडद्यावर उमटले ०.९९९ किलो. झडप जागची हलेना.

"सांडलं असेल," बाई म्हणाल्या.

रंग मिसळणाऱ्या मिस्त्रींनी पाय पुढे केला. "सांडलं असतं तर बुटावर दिसलं असतं. बघा, पिवळं आहे का कुठे?"

बुटावर बाकी सगळे रंग होते. पिवळा तेवढा नव्हता.

व्यवस्थापक साहेबांनी घड्याळाकडे पाहिले. "शनिवारपर्यंत जमलं तर ठीक, बाई. नाहीतर बाहेरून नवं घेऊ. तुमचं आता जुनं झालंय."

ते ‘जुनं’ बाईंच्या जिव्हारी लागले. दोन दिवसांत त्यांनी कारण हुडकून काढले, पण त्याने चित्त थाऱ्यावर येईना.

"मशीनला एक आणि शून्य एवढंच कळतं," संध्याकाळी त्या यजमानांना सांगू लागल्या. "आपण एक तृतीयांश लिहायला बसलो तर तीनामागून तीन येतच राहतात ना, तसं त्याचं एक दशांशाला होतं. संपतच नाही. मग कुठेतरी तोडतं. दहा वेळा तोडलं की बेरीज किलोला केसभर कमी. आणि माझी कोबॉल अशी, की जवळच्या अंकाला ने म्हणून सांगितलं नाही तर शेपूट सरळ कापून टाकते."

"मग सांग की."

"म्हणजे थोडा फरक चालवून घ्यायचा. अंदाजे."

यजमानांनी इस्त्री उभी केली. "अगं, शिवणीला मी जादा कापडाची माया सोडतो ती काय अंदाजे? ठरलेली असते. कमी सोडली तर शर्ट उसवतो, जास्त सोडली तर गिऱ्हाईक उसवतं. इतकी वर्षं मला अंदाजे म्हणतेस, मी काही बोललो नाही."

"बोलला असतात तर बरं झालं असतं, अहो."

सकाळी बाई थेट मिस्त्रींपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "तुमच्या हातून सांडलं नव्हतं. दोष माझ्या हिशेबात होता. आता एक सांगा, किलोला किती कमी पडलं तर छटा बदललेली दिसते?"

"मला दोन ग्रॅमला दिसते," मिस्त्री खुलले. "तुम्हाला पाचाला पण दिसायची नाही."

बाईंनी अर्धा ग्रॅम ठरवला. ठरलेले आणि पडलेले वजन समान आहे का, ही ओळ त्यांनी खोडली. शेपूट कापण्याआधीच त्यांच्यातला फरक अर्ध्या ग्रॅमहून कमी आहे का, अशी नवी ओळ लिहिली. लिहिताना चेहरा औषध घेतल्यासारखा झाला होता, पण लिहिली. शुक्रवारी दुपारी पिवळा रंग दहा वेळा पडला, झडप उघडली आणि मिस्त्रींनी शिट्टी वाजवली.

साहेब पडद्यापाशी येऊन वाकले. "म्हणजे आता तुमचाही प्रोग्राम फरक चालवून घेतो तर. मग नवं घेतलेलं काय वाईट?"

बाईंनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"विकणाऱ्याला विचारा, साहेब, त्याच्यात किती फरक चालतो. आकडा सांगितला तर खुशाल घ्या. ‘सगळं अगदी बरोबर येतं’ म्हणाला, तर त्याला जिन्यापर्यंतसुद्धा पोचवायला जाऊ नका."