मागे कोणी बसत नाही

माझी पाठ कधीच दुखत नव्हती. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ऑफिसात नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या अनिल सोनकांबळेला तर नाहीच. पाठदुखीचं कारण पुढे करून मी मोटारसायकलची सीट बदलून घेतली आणि तिच्यावरची अनिलची जागा काढून टाकली. सीट उत्तम निघाली. निघणारच होती. ती निवडायला अनिल स्वतः माझ्याबरोबर आला होता.

अनिल गाडी चालवत नसे. लहानपणापासून त्याचा डावा डोळा कामाचा नव्हता, आणि लायसन्स काढायच्या भानगडीत तो पडलाच नाही. पवईला आमच्या कंपनीत तो पर्चेसला, मी मेंटेनन्सला. मी मुलुंडचा, तो घाटकोपरचा. शनिवारी पहाटे मी त्याला घाटकोपरहून उचलायचो, मानखुर्दवरून वाशीचा पूल ओलांडायचो, आणि पुढे कोकण किंवा घाट, जिकडे मन होईल तिकडे. अशी आमची कितीतरी वर्षं गेली.

मागे बसणारी माणसं दोन प्रकारची असतात. काही पोत्यासारखी बसतात, काही घाबरून मिठी मारतात. अनिल यातला नव्हता. हात स्वतःच्या मांड्यांवर, नजर बाजूच्या शेतांवर, आणि वळणावर माझ्याआधी त्याचं अंग कलायचं. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू घे, दोन म्हणजे थांब, चहा. खिशात कायम लिमलेटच्या गोळ्या. माझ्या हेल्मेटची काच मागून वर करून तो एक गोळी बरोबर माझ्या तोंडात सरकवायचा. गाडी चालतीच असायची. "एकच डोळा आहे," म्हणायचा, "पण तुझ्या दोन्ही आरशांपेक्षा बरा आहे, सावंता."

मला तो कायम आडनावाने हाक मारायचा. मी त्याला अन्या म्हणायचो. यात काही आहे असं तेव्हा कधी वाटलं नाही.

गाडीची मूळची सीट म्हणजे फळकुट होती. पनवेल मागे पडलं की दोघंही चुळबुळायला लागायचो. सीट बदल म्हणून अनिल माझ्या मागे लागलेला असायचा. तो खरेदी खात्यातला माणूस, त्याला कुठलीही वस्तू नुसती घेता येत नसे. वाटेत कुठे थांबलो की दुसऱ्यांच्या गाड्यांच्या सीटा दाबून बघायचा, अनोळखी माणसांना विचारून त्यांच्यावर बसायचाही. दुकानात मऊ वाटते ती सीट रस्त्यावर दगा देते, हे त्याने मला इतक्यांदा सांगितलं होतं की पुढचं मीच पाठ म्हणून दाखवायचो. मऊ फोम तासाभरात बसतो आणि मग माकडहाड थेट पत्र्यावर. सीटला पुढे उतार असला की माणूस टाकीवर घसरत राहतो. "तोंड काय, कुणालाही छान म्हणतं," तो म्हणायचा. "बुडाला खोटं बोलता येत नाही. पण त्याला दुसऱ्या तासाला विचारायचं, पहिल्या मिनिटाला नाही." आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "करशील तेव्हा दोघांचं बघून कर."

मी आज करू उद्या करू करत राहिलो. मग मामांकडे थांबलो तो दिवस आला.

गुहागरहून परत येताना आम्ही वाट वाकडी करून संगमेश्वरकडे माझ्या मामांच्या घरी गेलो. मामा पडवीत सुपारी कातरत बसले होते. मला बघून खूश झाले, आत मामीला हाक घातली, आणि अनिलकडे बघून म्हणाले, "पावणे कोण म्हणायचे?"

"माझा मित्र. ऑफिसातला. अनिल."

"अनिल कोण?"

मुंबईत हा प्रश्न कोणी असा तोंडावर विचारत नाही, वळसे घेऊन विचारतात. मामांनी सरळ विचारला, जसा ते प्रत्येकाला विचारतात. मी तोंड उघडलं. 'सोन' एवढं बाहेर पडलं, आणि त्याच पडवीच्या पायरीखाली उभ्या असलेल्या माणसाच्या ओंजळीत माझी आजी वरून पाणी ओतायची ते मला दिसलं. मी लहान होतो तेव्हाची गोष्ट. आजी जाऊनही जमाना झाला होता. तरी माझी जीभ तिथे वळली.

"सोनटक्के," मी म्हणालो.

अनिल माझ्याकडे बघतोय हे मला न बघताही कळलं. मामांनी गाव कुठलं विचारलं. अनिलच म्हणाला, उदगीरकडचे आम्ही. आवाज अगदी साधा. मग आम्ही जेवायला बसलो. मामीने कुळथाची पिठी केली होती, माशाचं तिखलं होतं. "सोनटक्के, लाजू नका हां, वायच भात घ्या," असं म्हणत ती वाढत राहिली, आणि अनिल दर वेळी मान खाली घालून ताट पुढे करत राहिला. निघताना मामा गाडीपर्यंत आले. धाकटीचं लग्न ठरत आलंय, पुढल्या खेपेला मित्राला घेऊनच ये, म्हणाले.

मामांनी खरं आडनाव ऐकून काय केलं असतं, मला माहीत नाही. कदाचित मान हलवून सुपारी कातरत बसले असते. कदाचित नसते. मी त्यांना काही करूच दिलं नाही. त्यांच्या वतीने मीच करून मोकळा झालो.

परतीच्या वाटेवर खांद्यावर एकही थाप पडली नाही. चहाला मीच थांबलो. टपरीवाल्याला पैसे देऊन वळलो तर अनिल गाडीला टेकून उभा. म्हणाला, "चला, सोनटक्क्यांना घरी सोडा."

मी हसलो. वाटलं, झालं, मिटलं.

मिटलं नव्हतं. ऑफिसात इंटरकॉम उचलला की तिकडून आवाज यायचा, "सोनटक्के बोलतोय." बेअरिंगची ऑर्डर कुठवर आली विचारलं तर, "सोनटक्क्यांना विचारून सांगतो, त्यांचं तिकडे बरंच वजन आहे." हे फक्त मी एकटा असताना. चारचौघात एक अक्षर नाही. तो चिडला असता, भांडला असता, तर मी माफी मागितली असती. निदान तसं आजवर स्वतःला सांगत आलोय. पण तो विनोद करायचा आणि मी हसायचो, आणि दर हसण्याबरोबर ते खोटं आडनाव माझ्याच गळ्यात आणखी घट्ट बसायचं. शनिवारी तो मागे बसला की मला आता माझी पाठ जाणवायला लागली. दुखत नव्हती. तिच्यामागे माणूस आहे, एवढंच जाणवायचं.

मग मामांचा फोन आला. लग्नाची तारीख निघाली होती. "सोनटक्क्यांना आणायला विसरू नको," मामा म्हणाले.

त्याला नेलं तर शंभर माणसांत पुन्हा कोणीतरी विचारणार, आणि या वेळी उत्तर तो देणार. नेलं नाही तर का नेलं नाही ते त्याला सांगायला हवं. मला दोन्ही नको होतं. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मी त्याला म्हणालो, अरे, पाठीने फार छळलंय, डॉक्टर म्हणतात पाठीला टेकू पाहिजे, नाहीतर गाडी बंद करा.

अनिलने हातातला चमचा खाली ठेवला. "मग सीटच बघू या," म्हणाला. त्या क्षणापासून सोनटक्के बंद झाले. आजारी माणसाची थट्टा करणाऱ्यांतला तो नव्हता.

त्या रविवारी आम्ही कुर्ल्याला गेलो. सीट बनवून देणाऱ्यांची तिथे ओळच आहे. अनिलने चार दुकानं फिरून एक पक्कं केलं. मांडलेल्या सीटांवर तो डोळे मिटून बसायचा, मला बसवायचा, आणि मी छान म्हटलं की सांगायचा, "बोलू नको. बस नुसता." मी बसायचो. तो समोर हाताची घडी घालून उभा राहायचा, माझं वजन कुठे पडतंय ते बघत. मला उठून पळावंसं वाटत होतं. शेवटी त्याने ठरवलं: खालचा फोम घट्ट, वर पातळ मऊ थर, मागे रुंद, पुढे अरुंद, म्हणजे सिग्नलला पाय नीट टेकतील. रेक्झिन चकचकीत नको, माणूस घसरतो.

पाठीच्या टेक्याचा विषय निघाला तेव्हा सीटवाल्याने टेपने गाडी मोजली. टेका घट्ट बसवायचा तर मागची जागा जाईल, तिथे फार तर सामानाचा कॅरियर येईल, असं त्याने सांगितलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "पीछे कोई बैठता है क्या?"

अनिल माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता. हेल्मेट त्याच्या कोपरात अडकवलेलं होतं. त्याचं स्वतःचं हेल्मेट, मागे बसायसाठी घेतलेलं.

"नाही," मी म्हणालो. "मागे कोणी बसत नाही."

सीटवाल्याने अनिलच्या हेल्मेटकडे एकदा बघितलं आणि वहीत माप लिहिलं. अनिल पुढे वाकून फोमच्या तुकड्यावर अंगठा दाबत सीटवाल्याला म्हणाला, "टेका कमरेला लागला पाहिजे हां, खांद्याला नको. नाहीतर काय उपयोग नाही."

लग्नाला मी एकटा गेलो. संगमेश्वरपर्यंत अंग जराही आंबलं नाही. अनिलने सांगितलं तसं दुसऱ्या तासाला बुडाला विचारलं, त्याची तक्रार नव्हती. मामांनी सोनटक्के का नाही आले विचारलं. मी म्हणालो, त्यांना ताप आहे.

त्यानंतर आमचं बोलणं कामापुरतं उरलं. मग एकदा पावसाळ्यानंतर कँटीनमध्ये सगळे लोणावळ्याला जाण्याचे बेत करत होते. कोणीतरी अनिलला विचारलं, तू कोणाच्या मागे? तो म्हणाला, मी हल्ली जात नाही. ते लोक उठून गेल्यावर त्याने मला थांबवलं.

"सावंत, तुझी पाठ कशी आहे?"

"बरी आहे आता."

"बरीच होती," तो म्हणाला. "इतकी वर्षं मी तिच्यामागे बसलोय. पाठ दुखणारा माणूस खड्ड्याआधी सीटवरून अंग उचलतो. तू कधी उचललं नाहीस."

मी एवढंच विचारलं की माहीत होतं तर कुर्ल्याला का आलास.

"तू तोंडाने सांगशील म्हणून आलो. चार दुकानं फिरवली तुला, म्हटलं चौथ्यात तरी सांगशील. तुला नाही नेणार, असं म्हणाला असतास तर मी शिवी दिली असती आणि घरी गेलो असतो. तू सीटवाल्याला सांगितलंस." त्याने ट्रे उचलला. "सीट चांगली झालीय. ती बदलू नको."

गेल्या वर्षी अनिल गेला. सकाळी ऑफिसला निघताना घरातच छातीत कळ आली, हॉस्पिटलपर्यंतही पोचला नाही. मी अंत्यविधीला मागच्या मागे उभा राहून आलो. पुढे श्रद्धांजलीसाठी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता, त्याला मात्र घरी गेलो. पांढऱ्या कापडावर त्याचा फोटो ठेवला होता आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: कालकथित अनिल किसन सोनकांबळे. मी फुलं वाहिली. अनिलच्या बायकोने, सुनंदा वहिनींनी, मला बसायला खुर्ची दिली, आणि बसण्याआधी पाठीला उशी ठेवली.

"तुमची पाठ कशी आहे भावोजी? हे नेहमी सांगायचे, सावंतला फार त्रास आहे, म्हणून आमचं फिरणं बंद झालं."

घरीसुद्धा त्याने माझं खोटं सांभाळलं होतं. मी उशीला टेकून बसलो. चहा घेतला. निघताना वहिनी दारापर्यंत आल्या. "तुमच्या मामांना कळवलंत का? तुमच्या मामींनी किती आग्रहाने वाढलं होतं ते यांनी मला सांगितलं होतं. त्यांना कळवा नक्की."

कळवतो म्हणालो. खाली येऊन गाडीवर बसलो आणि तिथूनच मामांना फोन लावला. या वेळी बोलायचंच, असं ठरवून लावला. माझा मित्र गेला, म्हणालो. मामांना फोनवर नीट ऐकू येत नाही, मोठ्याने बोलायला लागतं. सोसायटीच्या दारात अनिलचे नातेवाईक उभे होते.

"कोण गेला म्हणतोस?"

"अनिल, मामा."

"अनिल कोण?"

मी नातेवाइकांकडे पाठ केली. आवाज खाली आणला आणि म्हणालो, "सोनटक्के."

मामा हळहळले. भला माणूस होता, म्हणाले. सोनटक्क्यांच्या घरी माझा नमस्कार सांग. मी तो नमस्कार कोणाला नेऊन देणार होतो?

मामा अजून आहेत. मी अजून त्या सीटवर बसतो. संगमेश्वरला जायचं, पडवीत बसायचं आणि त्यांना सांगायचं की तुमच्या घरी जेवून गेलेला माणूस अनिल सोनकांबळे होता, आणि त्याचं आडनाव त्याने लपवलं नव्हतं, मी लपवलं होतं. एवढं मी अनिलचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.