शेजारचं घर

"बारक्या, तू मोठा अर्थशास्त्रज्ञ झालास, विकासाने माणसं सुखी होतात का आणि ते सुख टिकतं का याचा अभ्यास करतोस, हे मी दूधवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगत असते. आता त्यातून वेळ काढून माझ्या नळाच्या पाण्याची बाटली तेवढी प्रयोगशाळेत पोचव. नेलीस ती नेलीसच. मला ते पाणी प्यायची भीती वाटते. एकदा ये, म्हणजे तोंडावर बोलता येईल. तुझी ताई."

नाव बारक्या, पण आता विद्यापीठातल्या खुर्चीत जेमतेम मावणारा गृहस्थ. बाटली त्याच्या खिडकीत, अहवालांच्या गठ्ठ्यामागे उभी होती. ताई जन्मभर शाळेत शिकवणारी. तिने ठसठशीत अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती: 'पिऊ नये.' बाटली घेतानाच तो म्हणाला होता, "ताई, एका नळाने काही सिद्ध होत नाही गं." प्रयोगशाळा त्याच इमारतीत, तळमजल्यावर.

पत्र आल्यानंतरच्या रविवारी त्याला धास्ती होती ती अहवालाची. उत्पन्न वाढलं म्हणजे माणसाचं बरं चाललंय असं नव्हे, हे तो उभं आयुष्य सांगत आला. आणि रंगाचा कारखाना दुप्पट झालेल्या नदीकाठच्या वस्तीत, त्याच्याच पाहणीत, उत्पन्नही वाढलं होतं आणि समाधानही. माणूस प्रामाणिक, मन मारून त्याने तसंच लिहिलं. सोमवारी सरकारी समिती तो अहवाल पुढे ठेवून कारखान्याला आणखी वाढायची परवानगी देणार होती. फक्त एक गोष्ट त्याच्या गळी उतरत नव्हती. समाधान सगळ्यात जास्त वाढलं होतं ते ताईच्या गल्लीत, जिथे नुसतं उभं राहिलं तरी डोळे चुरचुरतात. त्याला घास जाईना. शेवटी पत्राचं निमित्त करून तो ताईकडे गेला.

"ये. हात हलवत आलास ना?"

"ते राहू दे गं. पाहणीला तुझ्याकडे कोणी आलं होतं?"

"आली होती एक पोरगी. आयुष्याबद्दल समाधान दहापैकी किती, म्हणाली. म्हटलं, आठ लिही. पेन्शन आहे, गुडघे चालतात, भाऊ विद्वान आहे. कामाचा नाही, ती गोष्ट वेगळी."

"आणि आधीच्या पाहणीत किती सांगितलं होतंस?"

"तेव्हा मला कुठे विचारलं? समोरच्या शिवणवालीला विचारलं होतं. तिने दोनच दिले म्हणे."

"मग या वेळी तिच्याकडे का नाही गेली?"

"कुलपाला काय विचारणार? पोराचा दमा वाढला, गेली बिचारी गल्ली सोडून. पोरगी म्हणाली, दार बंद असेल तर शेजारचं घर घ्या, असं सरांनीच सांगितलंय."

बारक्याने चहाचा कप खाली ठेवला. नियम त्याचाच. पाहणीत जागा रिकामी राहता कामा नये, हे तो वर्गात मोठ्या तोऱ्यात शिकवायचा. तो दारात जाऊन उभा राहिला. शिवणवालीच्या कडीला गंज चढला होता. तिच्या पलीकडेही कुलूप. त्यापुढे ताज्या रंगाची दारं आणि चकचकीत मोटारसायकली, म्हणजे कारखान्यातले नवे मुकादम. ज्यांना सोसलं नाही ते निघून गेले होते, आणि त्यांच्या जागी ज्यांचं बरं चाललं होतं त्यांना प्रश्न विचारले गेले होते. गल्ली होती तशीच होती. रडणारे तेवढे हिशेबातून गळले होते.

"घाम पूस आधी," ताई म्हणाली. "काय झालं?"

"माझ्या सहीवर उद्या परवानगी मिळेल गं त्यांना."

"मग फोन कर. माझ्या तोंडाकडे काय बघतोस?"

समितीच्या सचिवबाईंचा आवाज थंड होता. "आकडे चुकलेत का, सर?"

"आकडे बरोबर आहेत. माणसं बदलली आहेत."

"आदल्या दिवशी कळलं तुम्हाला? सगळे हसतील, सर."

"हसू दे," तो म्हणाला.

अहवाल मागे घेतला गेला. परवानगी लांबली, एवढंच. गेलेली माणसं शोधून त्यांचं म्हणणं आणायला समितीने त्याला थोडी मुदत दिली, आणि ती पुरेल की नाही या काळजीने तो वाळत चालला. पत्ते विचारत गावोगाव हिंडला. शिवणवाली सापडली. "आत्ता आलात होय?" म्हणाली, आणि मशीन चालूच ठेवून सगळं सांगत गेली.

परतल्यावर तो बाटली घेऊन खाली प्रयोगशाळेत गेला. तिथल्या बाईंनी चिठ्ठी वाचली, पाणी उजेडात धरलं. "इतकं शिळं चालत नाही. ताजं आणा."

बाटली परत खिडकीत ठेवून तो ताईकडे गेला, तर दाराला कुलूप. शेजारच्यांनी सांगितलं, खोकला हटेना म्हणून तिची मुलगी तिला आपल्या घरी घेऊन गेली होती. जाताना ताई नळ बंद करून गेली होती, म्हणजे ताजं पाणीही नाही.

तिथल्या तिथे त्याने तिला फोन लावला. गल्ली सोडून गेलेल्यांत आता ताईही होती.

"ताई, नियमाप्रमाणे विचारतो. समाधान, दहापैकी किती?"

ती खोकली, मग म्हणाली, "आधी बाटलीचं सांग."