बी सरळ की वाकडं

नणंद-भावजयी एकमेकींना पाण्यात पाहतात, असं म्हणतात. या दोघी मात्र दर रविवारी घोटाभर पाण्यात उभ्या राहून खरोखरच पाण्यात पाहत. नणंद पोस्टातून निवृत्त झालेली, वहिनी शाळेत विज्ञान शिकवायची. एकीचा भाऊ आणि दुसरीचा नवरा असलेला घरातला एकमेव पुरुष लवकर गेला. मागे राहिल्या या दोघी, दोन खोल्या आणि पाणथळ जागेतली झाडं ओळखायचा नाद.

पाण्यातलं रोप बाहेर काढलं की ओल्या केसांसारखं गोळा होतं. म्हणून ते ट्रेमधल्या पाण्यात तरंगवायचं, खालून कागद सरकवून अलगद उचलायचं आणि शिवणयंत्राच्या वजनाखाली दाबून वाळवायचं. हे काम नणंदेचं. भिंगातून पाहून नाव सांगायचं काम वहिनीचं.

एका रोपावर मात्र दोघींचं कधीच जमलं नाही. जुन्या खाणीत साचलेल्या पाण्याच्या काठी, चिखलाला चिकटून वाढणारं, इवल्या गुलाबी फुलाचं रोप. अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन जाती, आणि फरक फक्त बियांत. एकीचं बी सरळ, दुसरीचं आकड्यासारखं वाकडं.

"वाकडंच असणार, वन्सं. लावा पैज."

"सरळ आहे. तुला मेलीला सगळीकडे वाकडंच दिसतं."

"आणि तुमचा हेका काही सुटायचा नाही!"

हा वाद वर्षानुवर्षं चालला, कारण बी कधी मिळालंच नाही. शेवटच्या आजारपणातही वहिनीने हात धरून बजावलं होतं, "बी बघा हं. आणि खरं काय ते सांगा."

वहिनी गेल्यावर नणंदबाई पहिल्यांदाच एकट्या खाणीवर गेल्या. फुलं आली होती. सवयीने हात पुढे गेला, पण तोडून कोणाला दाखवायची? त्या तशाच परतल्या. घरात पाऊल टाकलं तर कोणी "चपला बाहेर!" म्हणून ओरडलं नाही.

काही आठवड्यांनी राहवेना म्हणून पुन्हा गेल्या. उतरताना कोपर धरायला कोणी नव्हतं, त्यामुळे चिखलात चांगल्याच बसल्या. आणि बसल्या जागी दिसलं, फुलांच्या जागी टाचणीच्या डोक्याएवढी फळं धरली होती! नणंदबाईंनी कपाळावर हात मारला. मोजकी फुलं यायची, आणि दिसलं फूल की तोड अन् दाब, असं दोघीच दरवर्षी करत होत्या. मग बी धरणार कुठून?

घरी येऊन त्यांनी टेबलावर कागद पसरला, सुईने फळ फोडलं आणि भिंग डोळ्याला लावलं. आपलंच खरं निघावं, असं त्यांना अजूनही वाटत होतं.

सगळ्या बिया वाकड्या होत्या.

"तुझंच खरं, वहिनी," त्या मोठ्याने म्हणाल्या. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. एरवी यावर वहिनीने घर डोक्यावर घेतलं असतं. त्या वाट पाहत बसल्या. शेजारच्या खोलीत पंखा तेवढा फिरत होता.

मग त्यांनी स्वतःच, वहिनीसारखा स्वर काढत म्हटलं, "काय वन्सं, मी म्हटलं नव्हतं?"

तो आवाज काही जमला नाही. तेव्हा मात्र त्यांना रडू फुटलं.